पांढरं टार्गेट : दहा आठवड्यांच्या नोंदी

३ जून

आजपासून सुरुवात. तिघं आहेत : एक १३ वर्षांचा, एक १६ वर्षांची, एक १९ वर्षांचा. ही वही त्यांनाही वाचायला देणार आहे, म्हणून नावं लिहीत नाही. धाकटा, चष्मेवाली आणि मोठा, एवढं पुरे.

प्रकल्प असा : १० मीटर एअर पिस्तूल, दहा आठवडे. त्यातले पहिले सहा आठवडे गुण मांडायचेच नाहीत. टार्गेट उलटं लावायचं, म्हणजे समोर काळा गोल नाही, वर्तुळं नाहीत, फक्त कोरा पांढरा कागद. मोजायचा तो ग्रुप, म्हणजे दहा छर्रे किती जवळजवळ पडले ते. शेवटचे चार आठवडे नेहमीचं टार्गेट आणि अखेरीस ६० शॉटची एक सराव मॅच.

हे का करतेय तेही इथे लिहून ठेवते. मी १७ वर्षांची असताना एका मॅचमध्ये शेवटून तिसऱ्या शॉटला हात स्थिर व्हायची वाट बघत राहिले. पंधरा-सोळा सेकंद तरी धरून ठेवलं असेल. दंड जड झाला, नजर धूसर झाली, आणि मग एका क्षणी साइट (नेम धरायची पिस्तुलावरची खूण, एक पुढे आणि एक मागे) अगदी नेमकी दिसली म्हणून बोट ओढलं. सहा. माझे तेव्हाचे प्रशिक्षक त्या सहा गुणांबद्दल खूप बोलले. त्या पंधरा सेकंदांबद्दल एक शब्द नाही. पुढची दोन वर्षं मी सहा कसा टाळायचा हेच शोधत होते आणि पंधरा सेकंद तसेच धरत होते.

या तिघांना ते आधी सांगायचंय. हात हलणारच. हलत्या हातानेच बोट सरळ मागे न्यायला शिकायचं.

४ जून

आज एकही शॉट नाही. फक्त सुरक्षितता. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. पिस्तूल भरलेलंच आहे असं धरून चालायचं, रिकामं असलं तरी. बोट ट्रिगरवर तेव्हाच, जेव्हा साइट टार्गेटवर आहेत. टेबलावर ठेवलं की नळीत आरपार सेफ्टी फ्लॅग, म्हणजे पिस्तूल रिकामं असल्याची खूण. ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘अनलोड’ हे हुकूम, आणि ‘स्टॉप’ हा शब्द कुणीही उच्चारला, अगदी धाकट्यानेही, तरी सगळ्यांनी थांबायचं.

सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. छर्रे शिशाचे असतात.

हवेच्या सिलिंडरवरची तारीख तिघांकडून वाचून घेतली. सिलिंडर दहा वर्षांपर्यंतच वापरायचा, आणि तो मुदतीत आहे की नाही हे बघण्याची जबाबदारी नेमबाजाचीच असते. मोठ्याच्या सिलिंडरला अजून दोन वर्षं आहेत. ही तारीख त्याने आज पहिल्यांदा वाचली.

५ जून

सुरुवातीची मोजणी. या एका दिवसापुरतं नेहमीचं टार्गेट, ६० शॉट, पाऊण तास अधिक अर्धा तास असा पुरा सव्वा तास वेळ. धाकटा ४९८, चष्मेवाली ५३१, मोठा ५४८. मग कोऱ्या टार्गेटवर दहा शॉट आणि ग्रुपमधल्या सर्वांत लांबच्या दोन छिद्रांतलं अंतर : ७४, ५५, ४६ मिमी.

मोठ्याच्या मागे घड्याळ घेऊन उभी राहिले होते. साइट काळ्याखाली टेकल्यापासून शॉट सुटेपर्यंतचे सेकंद लिहिले. आकडे असे आले :

८ सेकंदांच्या आत सुटलेले शॉट ४१. त्यांत ८ किंवा कमी गुणांचे ४.
८ ते १० सेकंदांतले ८. त्यांत तसे २.
१० सेकंदांच्या पुढचे ११. त्यांत तसे ८.

त्याला दाखवलं. बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “ताई, पण मी थांबतो ते चांगला मारायचा म्हणूनच ना.” तेच तर. श्वास रोखून ठेवल्यावर डोळ्यांना आणि स्नायूंना चांगलं काम करता येतं ते काही सेकंदच. त्यानंतर जे स्थिर वाटतं ते स्थिर नसतं, ते आपल्याला दिसेनासं झालेलं असतं.

७ जून

धाकटा मला काही विचारायला पिस्तुलासकट वळला. रिकामं होतं, फ्लॅगही होता. तरीही त्याचा आजचा सराव बंद केला आणि त्याला खुर्चीवर बसवून बाकी दोघांचं बघायला लावलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मलाही वाईट वाटलं. पण या बाबतीत ‘एवढ्या वेळी चालेल’ असं कधीच म्हणायचं नाही. संध्याकाळी त्याच्या आईला मीच सांगितलं, म्हणजे त्याला सांगावं लागू नये.

९ जून

ग्रिपचं काम. आजचा पूर्ण दिवस यातच गेला आणि तो वाया गेला असं मला बिलकूल वाटत नाही.

धाकट्याचा हात लहान, पिस्तुलावरचा लाकडी ग्रिप मोठ्या माणसाचा. तो मूठ बसवण्यासाठी मनगट बाहेर वळवायचा, त्यामुळे बोट ट्रिगरवर तिरकं पडायचं. बोटाचं पहिलं पेर, त्याचाही मधला मऊ भाग ट्रिगरवर यायला हवा आणि दाब नळीच्या रेषेत सरळ मागे जायला हवा. याचं बोट पेराच्या टोकाने ट्रिगरला बाजूला ढकलत होतं. तो उजव्या हाताचा, म्हणून छर्रे डावीकडे. आपली नजर वाईट आहे असं त्याला वाटत होतं.

आधी ट्रिगरचा स्क्रू सैल करून तो रुळावर मागे घेतला. मग ग्रिपच्या आतल्या बाजूने लाकूड घासलं. एकदम घासायचं नाही : थोडं घास, हाताला पावडर लाव, मूठ बसव, डोळे मीट, हात उचल, डोळे उघड, साइट कुठे आहेत बघ. डोळे उघडल्यावर पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध आपोआप आली पाहिजे. दर वेळी उजवीकडे दिसली तर ग्रिप मनगटाला उजवीकडे ढकलतोय. हे चक्र आम्ही वीसेक वेळा केलं. अंगठ्याच्या मुळाशी पोकळी राहत होती, तिथे लाकडाची लांबी (पुट्टी) भरली.

तळहाताखालची फळी वर घेतली, पण फार घट्ट नाही. ती फळी ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात वर वळलेली चालत नाही, आणि ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाला आधार देणारा नको. मूठ पकडायची ती ग्रिपने हाताला धरल्यासारखी, हाताने ग्रिपला आवळल्यासारखी नाही. लांबी वाळायला उद्यापर्यंत वेळ लागेल.

११ जून

धाकट्याच्या पिस्तुलाची पुढची वजनं काढून टाकली. नियमाप्रमाणे एअर पिस्तूल १५०० ग्रॅमपर्यंत चालतं, पण किमान वजनाची अट नाही. वाढत्या वयाच्या खांद्यावर आणि पाठीवर उगाच ओझं कशाला? त्याच्यासाठी दिवसाला ४० उचलण्यांची मर्यादा. पहिला आठवडा मनगटाखाली वाळूची पिशवी ठेवून, म्हणजे वजन पिशवी पेलेल आणि तो फक्त बोटाकडे लक्ष देईल.

१४ जून

चष्मेवालीचं कोडं सुटलं. दोन्ही हातांनी त्रिकोण करून लांबच्या एका खुणेकडे बघायला लावलं, मग एकेक डोळा मिटायला सांगितलं. उजव्या हाताने मारते, पण जोर डाव्या डोळ्याचा. म्हणून मारताना डावा डोळा घट्ट मिटायची, चेहऱ्याची अर्धी बाजू आखडायची, आणि तिसाव्या शॉटनंतर डोकं दुखायचं. आजवर तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांचंच दुखत असेल असं तिला वाटायचं.

चष्म्यावर डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावली, ३० मिमीपेक्षा रुंद चालत नाही म्हणून २८ची. काळी नाही, दुधी रंगाची. काळ्या पट्टीने एका डोळ्याला अंधार होतो, आणि एक बाहुली मोठी झाली की दुसरीही तिच्याबरोबर मोठी होऊ पाहते. दुधी पट्टीतून उजेड येतो, चित्र येत नाही. आता दोन्ही डोळे उघडे.

पट्टी लावून पहिले दहा शॉट मारले आणि खाली बसली. म्हणाली, “ताई, इतकं शांत असतं का हे?”

१८ जून

आज फळ्यावर गणित केलं, कारण मोठा ऐकत नाही. ऐकत नाही म्हणजे मान हलवतो आणि पुन्हा थांबतो. हिशेब मात्र तो मानतो.

आमच्या पिस्तुलांवर दोन साइटमधलं अंतर साधारण ३५० मिमी. टार्गेट १० मीटरवर, म्हणजे १०,००० मिमी. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध न राहता १ मिमी सरकली, तर टार्गेटवर चूक होते १०,००० भागिले ३५०, म्हणजे सुमारे २८.५ मिमी. दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं. छर्रा ४.५ मिमीचा आणि रेषेला शिवला तरी वरचा गुण मिळतो, म्हणून छर्ऱ्याचं केंद्र मध्यापासून ८ मिमीच्या आत असेल तर दहा. पुढचं प्रत्येक वर्तुळ आणखी ८ मिमी. तेव्हा २८.५ म्हणजे सात.

आता दुसरी बाजू. साइट एकमेकींशी बरोबर जुळलेल्या आहेत, पण सबंध हात ५ मिमी उजवीकडे सरकला. टार्गेटवर चूक किती? तेवढीच, ५ मिमी. तरीही दहा.

म्हणजे ज्या हलण्याला तिघंही भितात, हाताचं ते गोल गोल डोलणं, ते बऱ्याच अंशी माफ आहे. माफ नाही ते मनगटाचं मुरडणं आणि बोटाचा झटका, कारण तिथे एका मिलिमीटरचे अठ्ठावीस होतात. आणि आपण काय करतो? हात डोलायचा थांबावा म्हणून वाट बघतो, मग घाईने बोट ओढतो. माफ चूक टाळायला जातो आणि माफ नसलेली करतो.

मोठ्याने फळ्याचा फोटो काढला. बघू.

म्हणूनच नजर पुढच्या साइटवर. काळा गोल धूसर दिसला पाहिजे. तो स्पष्ट दिसायला लागला की साइट धूसर होतात, आणि मग तो एक मिलिमीटर दिसणार कसा? कोऱ्या कागदाचा खरा उपयोग हा आहे. बघायला दुसरं काही उरतच नाही.

२१ जून

चार शब्द ठरले : उचल, टेकव, दाब, थांब. चष्मेवालीने सुचवले. ‘थांब’ म्हणजे शॉट सुटल्यानंतर थांबायचं, साइट कुठे गेल्या ते बघत. छर्रा नळीतून बाहेर पडायला वेळ लागतो, तेवढ्यात मनगट सैल पडलं तर छर्ऱ्याला ते कळतं.

धाकटा ‘थांब’ दाबण्याच्या आधीच थांबायला वापरतो. रोज सांगते.

२५ जून

आज लपवाछपवीचा सराव. पिस्तूल मी भरून देणार किंवा रिकामंच देणार, मारणाऱ्याला कळू द्यायचं नाही. २० वेळा, त्यांत १२ वेळा रिकामं. पिस्तूल रिकामं असताना आवाज आणि झटका नसतो, त्यामुळे हाताने जे केलं ते उघडं पडतं.

मोठ्याच्या हातून १२ पैकी ७ वेळा नळीचं तोंड खाली गेलं. त्याने स्वतः पाहिलं. फळ्यावरच्या गणितापेक्षा हे जास्त लागलं त्याला. बराच वेळ बोलला नाही. मी त्याला एकटं सोडलं.

.२२ च्या, म्हणजे काडतुसाच्या पिस्तुलावर हा धक्का बहुधा आवाजाच्या धास्तीने येतो. एअर पिस्तुलाला दचकण्यासारखं फारसं काही नसतं. इथे तो हावेतून येतो : चित्र नेमकं दिसलं की ‘आत्ता!’ म्हणून बोट धावतं.

२८ जून

मोठ्याच्या ट्रिगरवर ५०० ग्रॅमचं वजन टांगून बघितलं. नळी सरळ वर, वजन ट्रिगरला लटकवलं की ते उचललं गेलं पाहिजे. इथे शॉट सुटला. दोन्ही वेळा. त्याने घरी स्क्रू फिरवून ट्रिगर हलका केला होता, ‘म्हणजे झटका बसणार नाही’. मॅचमध्ये हे वजन उचललं नसतं तर खेळताच आलं नसतं. ट्रिगर ५१० वर आणला. हलक्या ट्रिगरने झटका जात नाही, फक्त तो लवकर येतो.

रागावले नाही. उपाय शोधत होता बिचारा, विचारायला लाजला.

२ जुलै

मोठ्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट खेळताना मुरगळलं. दहा दिवस उजवा हात बंद. तोंड उतरवून बसला होता.

कारोली ताकाच यांची गोष्ट सांगितली. हंगेरीचे सैनिक आणि पिस्तूल नेमबाज. १९३८ मध्ये सरावात हातबॉम्ब फुटला आणि उजवा हात, ज्या हाताने ते नेम धरत, तो निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने शिकायला घेतलं आणि १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायरचं सुवर्ण जिंकलं. १९५२ मध्ये पुन्हा.

“मला सुवर्ण नको, माझं बोट बरं होऊ दे,” असं म्हणाला, पण डाव्या हातात पिस्तूल घेतलं. नुसतं ड्राय, छर्रा नाही.

८ जुलै

हे बघून मी थक्क झालेय, म्हणून सविस्तर लिहिते.

मोठ्याच्या डाव्या हाताचा ट्रिगर उजव्यापेक्षा स्वच्छ आहे. हात जास्त डोलतो, अगदी वर्तुळात फिरतो, पण बोट सावकाश, सलग दाबत जातं आणि सुटताना साइट जुळलेल्या राहतात. आज परवानगी दिली, पाच मीटरवरून कोऱ्या कागदावर दहा छर्रे. ग्रुप पसरट आला, पण एकटा भरकटलेला छर्रा एकही नाही. उजव्या हाताचं नेमकं उलट असतं : सात-आठ अगदी चिकटून आणि दोन कुठेतरी भलतीकडेच.

मला वाटतं ते असं. डाव्या हाताकडून त्याला काहीच अपेक्षा नाही. तो स्थिर होईल याची तो वाटच बघत नाही, कारण होणार नाही हे त्याला पटलेलं आहे. मग उरतं फक्त बोटाचं काम. उजव्या हाताला गेल्या चार वर्षांच्या सवयी आहेत, डाव्याला एकही नाही, चांगली नाही तशी वाईटही नाही.

त्याला विचारलं, काय फरक वाटतो? म्हणाला, “डाव्याने मारताना मी बघत असतो. उजव्याने मारताना मी ठरवत असतो.”

हे वाक्य मी त्याच्याच शब्दांत लिहून ठेवलंय.

१० जुलै

पावसाळी हवा, अंधारलेली रेंज. तिघं दमलेली. सराव कमी, गप्पा जास्त.

चष्मेवालीने विचारलं की पॅरिस २०२४ ऑलिंपिकमधला तो तुर्कीचा माणूस खिशात हात घालून का मारत होता. युसुफ दिकेच, तेव्हा ५१ वर्षांचे, मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्य. खिशात हात ही ऐट नव्हे. मोकळा हात लटकत राहिला तर तो हलतो, त्याच्याबरोबर खांदा हलतो. म्हणून तो कुठेतरी अडकवून ठेवायचा : खिशात, पट्ट्यात, कुठेही. याच ऑलिंपिकमध्ये कोरियाची ओ ये-जिन १९ व्या वर्षी वैयक्तिक सुवर्ण जिंकली. १९ आणि ५१, एकाच रेंजवर. धाकट्याला हे फार आवडलं, कारण त्याच्याकडे अजून ३८ वर्षं आहेत.

मोठ्याला वेगाची ओढ. दोन हातांनी पकडायची प्रॅक्टिकल शूटिंग, पळत जाऊन वेगवेगळ्या टार्गेटवर मारायचं, आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांचं. १९७६ मध्ये ती संघटना स्थापन झाली. तिथे मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद असा हिट फॅक्टर काढतात, म्हणून नुसता वेग कामाचा नाही आणि नुसती अचूकताही नाही. त्याचं म्हणणं, तिथे कुणी वाट बघत बसत नाही. खरं आहे. पण तिथेही साइट आणि बोट यांचं नातं तेच. मी त्याला नाही म्हटलं नाही. म्हटलं, आधी २५ मीटर करू : रॅपिडच्या भागात हात ४५ अंशांत खाली, टार्गेट ३ सेकंद दिसतं, मग ७ सेकंद गायब. ३ सेकंदांत हात उचलून एक शॉट. थांबायला जागाच नाही.

१५ जुलै

सहा आठवडे पूर्ण. ग्रुप : धाकटा ६३, चष्मेवाली ४७, मोठा (उजव्या हाताने, चार दिवसांच्या सरावानंतर) ४१.

धाकट्याची नोंद वेगळी करते. आज ४० शॉटसाठी त्याने ७१ वेळा हात उचलला. म्हणजे ३१ वेळा, मनासारखं जमलं नाही म्हणून, न मारता खाली घेतला. १३ वर्षांच्या मुलाने बोट आवरून हात खाली घ्यायचा, हे सोपं नाही. उचलण्यांची मर्यादा आज मीच सैल केली. मला खूप बरं वाटलं.

१६ जुलै

टार्गेट सुलटं लावलं. काळा गोल दिसताच तिघांच्याही खांद्यांत ताण आला. सगळ्यांचे ग्रुप मोठे झाले. अपेक्षित होतं.

नेम काळ्याच्या मध्यावर धरायचा नाही. काळा गोल ५९.५ मिमीचा, त्याच्या खाली पांढऱ्यात थोडी जागा सोडून साइट टेकवायच्या. काळ्यावर काळी साइट दिसत नाही, पांढऱ्यावर तिची कड लख्ख दिसते. जागा किती सोडायची हे रोज बदललं तरी चालेल, कारण ती चूक वर-खाली सरकण्याची, म्हणजे माफ जातीची.

२२ जुलै

चष्मेवाली, दहा-दहा शॉटच्या चार सिरीज : ९१, ९३, ९०, ९२. डोकं दुखत नाही. वहीत तिने स्वतः लिहिलंय : ‘आज ४० शॉट, त्यांतले ३४ नीट पाहिले.’ गुणांच्या आधी हे लिहिलं होतं.

२७ जुलै

मोठ्याच्या पिस्तुलाचं हवेचं सील गेलं. दुसरं नव्हतं. दिवस फुकट. सुटे भाग, स्क्रू ड्रायव्हर, जादा सिलिंडर यांची पेटी आज तिघांना भरायला लावली. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ मध्ये, पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर मोडला. दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ गुण, बारावा क्रमांक, अंतिम फेरी हुकली. पॅरिसमध्ये तीच मुलगी २२१.७ गुणांसह कांस्य घेऊन आली. दोन्ही आकडे तिघांनी पेटीच्या झाकणावर आतून लिहिले. धाकट्याची कल्पना.

२ ऑगस्ट

धाकट्याने आज एक पाच मारला आणि पुढचे चारही वाईट गेले. त्याला एक गोष्ट सांगितली : रिओ ऑलिंपिक २०१६, ५० मीटर पिस्तुलाची अंतिम फेरी, जिथे गुण दशांशांत मोजतात. कोरियाचे जिन जोंग-ओ यांनी ६.६ मारला आणि ते बाहेर पडण्याच्या बेतात होते. तिथून पुढे सरकत सरकत त्यांनी सुवर्ण जिंकलं. धाकट्याने विचारलं, “६.६ नंतरचा शॉट मारताना त्यांच्या मनात काय असेल?” मला माहीत नाही, आणि मी तसंच सांगितलं. तुझ्या मनात काय होतं ते लिही, म्हटलं. त्याने लिहिलं : ‘पाच भरून काढायचा होता.’ आपल्या मोजणीत दहापेक्षा जास्त गुण कुठल्याच शॉटला नसतात, भरून काढायला जागाच नाही, हे त्याला लिहिल्यावर दिसलं.

५ ऑगस्ट

पुरा वेळ, पुरे ६० शॉट, सराव म्हणून. मोठा ५५३. दहा सेकंदांच्या पुढे गेलेले शॉट ३. जूनमध्ये ११ होते.

९ ऑगस्ट

तीन दिवस फक्त ड्राय. घरी भिंतीसमोर, पिस्तूल रिकामं, छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत, घरातलं मोठं माणूस जवळ. पांढऱ्या भिंतीवर काहीही नसावं असं सांगितलंय.

१२ ऑगस्ट

सराव मॅच. इतरही काही मुलं आली होती. १५ मिनिटं तयारी आणि सायटिंग (गुण न धरता मारायचे शॉट), मग ७५ मिनिटं, ६० शॉट.

चष्मेवाली ५४५. शेवटच्या सिरीजआधी तिने पिस्तूल खाली ठेवलं, फ्लॅग घातला, मागे खुर्चीवर दोन मिनिटं बसली, पाणी प्यायली. कुणी सांगितलं नव्हतं. शेवटची सिरीज ९३.

मोठा ५५६. सात एकही नाही. त्याला ५६० हवे होते. पण घरी जाताना तक्रार नव्हती, ४२ व्या शॉटबद्दल बोलत होता : तो ९ होता, आणि सुटायच्या आधीच त्याला उजवीकडचा ९ दिसला होता. शॉट कुठे गेला हे टार्गेट न बघता सांगता येणं म्हणजे तो खरोखर बघत होता.

धाकटा ५१७. जूनपेक्षा १९ जास्त. पण ते कसे आले ते बघून माझी एक चूक मला कळली.

६० शॉटला ७५ मिनिटं म्हणजे शॉटमागे ७५ सेकंद. हात खाली घ्यायचा तर त्याची किंमत वेळात मोजावी लागते, आणि हे मी त्याला नीट शिकवलंच नाही. तो उचलत होता, खाली घेत होता, उचलत होता, खाली घेत होता. ४५ वा शॉट झाला तेव्हा घड्याळात ९ मिनिटं उरली होती. माझ्या पोटात गोळा आला. मागून काही बोलता येत नाही.

शेवटचे १५ शॉट त्याने त्या ९ मिनिटांत मारले. ३६ सेकंदांत एक. उचल, टेकव, दाब, पुढचा. एकदाही खाली घेतलं नाही.

पहिले ४५ शॉट : ३८४, सरासरी ८.५३.
शेवटचे १५ : १३३, सरासरी ८.८७.

१५ जुलैला मी त्या ३१ उचलण्यांचं कौतुक केलं होतं. आज ती नोंद पुन्हा वाचली. तो बोट आवरत नव्हता. तो वाटच बघत होता, फक्त हात वर ठेवून नाही, वर-खाली करून. हात डोलतोय म्हणून खाली घ्यायचा, पुन्हा उचलून बघायचा की आता तरी डोलायचा थांबला का. माझ्याच पंधरा सेकंदांचे त्याने तुकडे केले होते आणि मी शाबासकी दिली. खाली कधी घ्यायचा हे मी सांगितलं होतं ते इतकंच : मनासारखं जमलं नाही तर. सांगायला हवं होतं : साइट जुळत नसतील तर, किंवा दाब सुरू होऊन अडकला तर. हात हलतोय हे खाली घ्यायचं कारण नाही.

एका मॅचच्या १५ शॉटवरून फार काही ठरत नाही, हेही लिहून ठेवते. घाईत नशिबानेही जमू शकतं. पुन्हा करून बघायला हवं.

त्याला अजून काही सांगितलेलं नाही. तो ५१७ वर खूष आहे आणि आज त्याला खूष राहू दे.

१३ ऑगस्ट

मोठ्यासाठी .२२ चं पिस्तूल मिळालं, ट्रिगर १००० ग्रॅमवर तपासला. पुढच्या आठवड्यापासून २५ मीटर, आधी प्रिसिजन, म्हणजे सावकाश मारायचा भाग.

चष्मेवालीची पट्टी पिवळी पडलीय, नवी कापायची.

धाकट्याला सकाळी १५ शॉट दिले, शॉटमागे ३६ सेकंद, घड्याळ मोठ्याच्या हातात. टार्गेट उलटं, कोऱ्या बाजूने. “गुण नाहीत?” त्याने विचारलं. नाहीत. १५ छर्ऱ्यांचा ग्रुप ५९ मिमी. हात खाली घेतला दोनदा, दोन्ही वेळा साइट सुटल्या होत्या. उद्या पुन्हा १५.